भोक बुजवायचं, पण आधी मोठं करायचं

जुना एसी गेला, त्याच्या नळ्या गेल्या आणि मागच्या भिंतीला आरपार भोक तेवढं राहिलं. मूठ जेमतेम जाईल एवढं. एवढ्याशा कामाला गवंडी येईना. चिमण्यांची एक जोडी मात्र रोज येऊन जागेची पाहणी करून जात होती. त्यांनी काड्या आणायच्या आत आपणच काय ते उरकावं म्हणून मी कामाला लागले. दिवसभर हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. थापी हातात धरायची ही पहिलीच वेळ.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे डब्यातून फवारायचा फोम मारून मोकळी हो. फोम फुगतो, भोक भरतं, हे खरंच. पण उघड्यावर राहिला तर तो उन्हाने पिवळा पडतो आणि चुरायला लागतो, म्हणजे वरून काहीतरी थापावंच लागतं. पीओपीचंही तसंच. आतल्या भिंतीला उत्तम, पण घट्ट झाल्यावर ते जिप्समच असतं आणि जिप्सम पाण्यात थोडंथोडं विरघळतं, त्यामुळे पावसाच्या माऱ्यात त्याचं काम नाही. विटेच्या भिंतीला सिमेंट-वाळूच बरी.

या कामात माल भरायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याआधी, फोडण्यात. भोकाभोवतीच्या गिलाव्यावर हातोडी हलकेच वाजवत गेले. जिथे आवाज खणखणीत तिथे गिलावा विटेला धरून आहे. जिथे बद्द, तिथे तो सुटलाय. सुटलेला सगळा छिन्नीने काढून टाकायचा. मुठीएवढं भोक बघताबघता ताटाएवढं झालं. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "अगं, बुजवतेयस की खिडकी काढतेयस?" (डोळ्यांना चष्मा लावा. खपली कुठे उडेल सांगता येत नाही. आणि त्याही आधी टॉर्च मारून आत घरटं किंवा वायर नाही ना, ते बघा.)

कडा उतरत्या ठेवायच्या नाहीत. पातळ कडेचा माल पापुद्र्यासारखा सुटतो. कड सरळ कापायची, जमलं तर तोंडाशी किंचित अरुंद आणि आत रुंद, म्हणजे माल अडकून बसतो. मग ब्रशने धूळ काढायची. धुळीवर थापलेला माल धुळीलाच चिकटतो, भिंतीला नाही.

मग पाणी. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, आणि सिमेंट तर वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाणीच पळालं तर उरते ती बोटाने खरवडता येणारी पूड. म्हणून भिंत चांगली भिजवली आणि वरची चकाकी जाईपर्यंत थांबले. ओल हवी, पाण्याचा थर नको.

एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू. सिमेंट जास्त घातलं की मजबुती वाढेल असं वाटतं, पण तसा माल जास्त आकसतो आणि तडकतो. मुठीत दाबला की गोळा राहावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. थोडाथोडाच कालवायचा, आळायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत होत नाही. हातमोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी भाजतं.

विटांचे तुकडे भिजवून मालात बसवत, आतून बाहेर भोक गच्च भरत आले. गिलाव्याच्या जाडीएवढी जागा सोडली आणि ओल्या मालावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. दुसऱ्या दिवशी वरचा थर, बोटाच्या जाडीचा. एकदम जाड थापला तर तो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. लाकडी गुरमाळा (गिलावा सपाट करायची मुठीची फळी) गोलगोल फिरवला आणि हात आवरता घेतला. गुळगुळीत करायचा मोह आवरावा लागतो, कारण जास्त घासलं की सिमेंटचं पाणी वर येतं आणि नंतर केसासारख्या चिरा पडतात.

पुढे आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवलं, सुकलं की पाणी मारलं. रंगाला महिनाभर हात लावणार नाही. ताजं सिमेंट क्षारीय असतं, रंग खातं.

शेजारच्या केबलच्या छोट्या भोकाला मात्र सिमेंट नको. केबल हलते, बदलावी लागते. तिथे बाहेरून रंग बसेल असं ॲक्रिलिक सीलंट (फटी बुजवायची लवचिक पेस्ट) भरेन. सिलिकॉनवर रंग बसत नाही. केबलला भोकात शिरण्याआधी खाली एक झोळही देणार आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथूनच टपकेल, आत येणार नाही.