‘टेबल’ केलेली सूचना

टेक्सासच्या विधानसभेतल्या एका कॉन्झर्वेटिव्ह सदस्याचा परिचय. मूळ इंग्रजी साडेसहाशे शब्दांचं, मराठीत हवं होतं संध्याकाळी सातपर्यंत. २०२४ च्या प्रायमरीआधीची (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधीची) पुरवणी होती. (सदस्याचं नाव देत नाही, ओळखू येऊ नये म्हणून दोनचार तपशीलही बदललेत.) पहिला हात मशीनचा, दुसरा नव्या सहकाऱ्याचा, शेवटचा माझा. चार चुका धरल्या. पाचवी छापून आली.

पहिली नेहमीचीच. ‘डिस्ट्रिक्ट’चं ‘जिल्हा’ झालं होतं. टेक्सासमध्ये जिल्ह्याच्या जागी असते काउंटी, त्या २५४ आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे मतदारसंघ, विधानसभेचे १५०. या गृहस्थांच्या एका मतदारसंघात काही काउंट्या अख्ख्या बसत होत्या, त्यामुळे ‘जिल्ह्यात अनेक जिल्हे’ असं वाक्य तयार झालेलं. कुणाला खटकलं नाही, हे विशेष.

मग दुसरी, व्यवसायाची. मूळ मजकुरात पहिल्याच ओळीला आलं होतं : पाच पिढ्यांचा रँचर (म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारा), चर्चचा डीकन. सहकाऱ्यानं हे शेवटी ढकललं, कारण आपल्याकडे ‘व्यवसाय : शेती व समाजकार्य’ ही रकाना भरायची गोष्ट असते. तिथे तसं नाही. टेक्सासच्या आमदाराला महिना ६०० डॉलर पगार, म्हणजे वर्षाचे ७,२००. नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवस. मधल्या काळात विशेष अधिवेशन बोलावता येतं, पण ते गव्हर्नरच्या हातात. उरलेले दिवस माणूस गुरं सांभाळतो, विमा विकतो, वकिली करतो. म्हणून तिथला मतदार आधी विचारतो, तुझं पोट कशावर चालतं? ती ओळ मी परत वर नेली. डीकनचं ‘पुजारी’ झालं होतं, ते ‘चर्चच्या कामकाजातला पदाधिकारी’ केलं. लांबलं, पण खोटं नाही.

आता ‘कॉन्झर्वेटिव्ह’. मशीन म्हणतं पुराणमतवादी. हा शब्द आपल्याकडे आगरकरांच्या काळातल्या भांडणांतून आलेला. ऐकला की डोळ्यांसमोर येतो संमतिवयाच्या विधेयकाला विरोध करणारा माणूस. ‘सनातनी’ त्याहून वाईट. ब्रिटनच्या पक्षासाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हा झकास शब्द काढला, पण तो तिथलाच. टेक्सासच्या गृहस्थांच्या कॉन्झर्वेटिव्हपणात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात : कर कमी हवेत (राज्याचा आयकर तिथे नाहीच), सरकारनं घरात, शेतात, बंदुकीत लुडबुड करू नये, आणि चर्चची शिकवण कायद्यात दिसावी. पहिल्या दोन्हींत पुराणं कुठेच नाहीत. शेवटी देवनागरीत ‘कॉन्झर्वेटिव्ह’च ठेवलं आणि पुढे एक वाक्य जोडलं. संपादकांना शब्द आवडला नाही. मलाही नाही.

‘राइट टू वर्क’चा समर्थक, ही तिसरी चूक. छापायला तयार होतं : ‘कामाच्या हक्काचा खंदा पुरस्कर्ता’. महाराष्ट्रात हे वाचून १९७७ चा रोजगार हमी कायदा आठवणार आणि गृहस्थ थेट रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांच्या पंगतीला जाऊन बसणार. अर्थ जवळजवळ उलटा आहे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं राज्यांना मुभा दिली की कामगाराला युनियनचं सदस्यत्व किंवा वर्गणी सक्तीची करता येणार नाही असा कायदा त्यांनी करावा. टेक्सासनं त्याच वर्षी तो केला. रोजगाराची हमी त्यात कुठेही नाही.

चौथी ‘प्रो-लाइफ’. ‘गर्भपातविरोधी’ हा सरळ शब्द घेतला, तरी वाचक घसरतो. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यानं गर्भपात अटींसह कायदेशीर आहे, आणि वाद पेटतो तो लिंगनिदानावर. त्यामुळे ‘गर्भपाताला विरोध’ वाचून माणूस ‘मुली वाचवणारा’ समजतो. इथे कंसात एक ओळ टाकावीच लागते.

आणि मग मतदान. १७ नोव्हेंबर २०२३ ला टेक्सासच्या सभागृहात खासगी शाळांच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा देण्याची योजना विधेयकातून वगळली गेली, ८४ विरुद्ध ६३ मतांनी. वगळा म्हणणाऱ्यांत २१ रिपब्लिकन, बरेचसे ग्रामीण भागातले; आमचे गृहस्थही त्यांतलेच. कारण भाबडं नाही. छोट्या काउंटीत सरकारी शाळा हीच बऱ्याचदा सर्वांत मोठी नोकरी देणारी, शुक्रवारी रात्रीची फुटबॉल मॅच तिथेच, आणि खासगी शाळा मैलोन् मैल नाही. पैसा द्यायचा कुणाला? कॉन्झर्वेटिव्ह माणसानं आपल्या गावाची संस्था राखली, इतकंच. पण ‘पॅरेंट्स’ चॉइस’, शाळा पालकांनी निवडावी, हेही कॉन्झर्वेटिव्ह मूल्यच, म्हणून गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यातल्या अनेकांविरुद्ध प्रायमरीत प्रचार केला, काही पडले, आणि २०२५ मध्ये ती योजना कायदा झाली.

डेस्कनं मथळा दिला : ‘पक्षादेश झुगारणारा बंडखोर’. मी भांडले. १९८५ च्या, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानंतर आपल्याकडे व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं निघतात, मतविभागणी क्वचित. आपल्या आमदाराची मूल्यं त्याच्या मतावरून वाचताच येत नाहीत. वाचायची तर अशासकीय विधेयकं नि प्रश्नोत्तरं चाळा, तीही कुणी चाळत नाही. तिथे बटण दाबलं की फलकावर नावासमोर दिवा लागतो, आणि विरोधात मत दिलं म्हणून कायदा कुणाची खुर्ची काढून घेत नाही. शिक्षा काय ती मतदार करतात. ‘बंडखोर’ म्हटलं की वाचकाला गुवाहाटीचं हॉटेल दिसतं. डेस्क म्हणालं, शब्द चार कॉलमात बसतो.

या भांडणात पाचवी सुटली. मूळ वाक्य असं होतं की, खासगी शाळांना पैसा देणारी एक दुरुस्ती आली तेव्हा त्यानं ‘मूव्हड टू टेबल’. आमच्याकडे छापलं : ‘दुरुस्ती पटलावर ठेवली.’ विधिमंडळाचं वार्तांकन करणाऱ्या कुणालाही हे बरोबर वाटेल, कारण आपल्याकडे कागद पटलावर ठेवणं म्हणजे सभागृहासमोर आणणं; ही पद्धत ब्रिटिशांची. अमेरिकेत ‘टेबल करणे’ म्हणजे बाजूला सारणं, आणि टेक्सासच्या सभागृहात तसा प्रस्ताव मंजूर झाला की दुरुस्ती तिथेच मेली. म्हणजे जी गोष्ट त्यानं पाडायला सांगितली, ती आम्ही त्याच्याच नावावर मांडली. खालीच दोन परिच्छेदांवर त्याचं उलट मतदान छापलेलं. वाचकाला दुटप्पी वाटला असणार, आणि तो संबंध परिचयात एकाच गोष्टीत सुसंगत होता.

शब्दकोशात ‘टेबल’खाली दोन्ही अर्थ आहेत, अमेरिकन अर्थ दुसऱ्या क्रमांकावर. मशीननं पहिला उचलला, सहकाऱ्यानं ‘पटल’ हा आपला शब्द पाहून निर्धास्तपणे पुढे पाठवला, मी मथळ्यात अडकलेली.

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन ओळींचं शुद्धिपत्र आलं : ‘पटलावर ठेवली’ऐवजी ‘फेटाळून लावण्याचा प्रस्ताव मांडला’ असे वाचावे. ‘बंडखोर’ मात्र तसाच आहे.