काजूच्या शेडमधली आगीची पाहणी : माझा अनुभव

आगीच्या धोक्याची पाहणी चालू कामात करावी. वेंगुर्ल्याकडच्या १४ माणसांच्या काजू शेडमध्ये मी ती बॉयलर पेटलेला, बायका सोलायला बसलेल्या आणि गोणी रचलेल्या असताना केली. सुटीच्या दिवशी शेड झाडलेली असते, मग धोका दिसणार कुठून? काय पेटेल, कशाने पेटेल आणि माणूस कुठून बाहेर पडेल, एवढंच वहीत लिहीत फिरलो.

सगळ्यात जास्त वेळ टरफलांवर गेला. त्यांत तेल असतं आणि बॉयलरला जळण तेच, म्हणून ढीग हळूहळू भट्टीच्या तोंडाशी सरकतो. आता आत एका पाळीपुरतंच टरफल असतं, बाकी बाहेर वेगळ्या पत्र्याखाली. असा ढीग पेटला तर पावडरने वरची ज्वाळा विझते, पोटात मात्र धुमसत राहतं आणि पुन्हा भडकतं. तिथे आग विझवायचा नुसता सिलिंडर पुरत नाही. पाण्याचं पिंप, बादल्या आणि ढीग फोडायला लांब दांड्याचं खोरं हवंच.

सिलिंडर सहा किलोचे, एबीसी पावडरचे (लाकूड-कागद, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारे) घेतले. शेडमध्ये कुठेही उभं राहिलं तरी १५ मीटर चालायच्या आत एक हाताशी येतो. विजेच्या पॅनेलजवळ सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा. जमिनीवर ठेवलेल्या सिलिंडरचं बूड खाऱ्या हवेत गंजतं, म्हणून सगळे भिंतीवर ब्रॅकेटला. महिन्यातून एकदा पावडरच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि सगळ्यांचं पिन-सील शाबूत आहे का ते बघायचं. नळीचं तोंडही बघायचं, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते.

तीच हवा वायरिंगलाही खाते. तांब्यावर हिरवट थर चढला की जोड सैल पडून तापतो, आणि वर काजूच्या सालीची धूळ बसलेली असते. ड्रायरच्या मोटरचे जोड मेन बंद करून पावसाळ्यापूर्वी वायरमनकडून आवळून घेतो.

मागचा दरवाजा गोणींनी अडला होता. त्या हलवल्यावर कळलं की लाकूड पावसात फुगून तो उघडतच नाही. रंधा मारून घेतला, बाहेर उघडेल असा बसवला आणि कामाच्या वेळेत त्याला कुलूप लावणं थांबवलं.

शेड भाड्याची असली की हे मालक बघेल असं वाटतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने जबाबदारी मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यावरही टाकली आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. जुलैत कोकणात पावसाने कुठला रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून एजन्सीची तारीख जूनमध्येच पक्की करून ठेवावी.