उसाच्या फडातल्या आईपर्यंत शाळा पोचवायची तर

दसरा झाला की आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले निम्म्याहून जास्त नंबर गावात नसतात. कुणी कराडकडं, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, काही ऊसतोडीच्या टोळ्या तर थेट कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे आणि आमच्याकडं बहुतेक घरातून एक तरी कोयता ऊसतोडीला जातोच, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लेकरं मागं राहतात आजी-आजोबांजवळ, ज्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू होतं त्या वर्षी तिथं जेवतात आणि रात्री घरी झोपतात, आणि मायबाप येतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. म्हणजे शाळेतलं जे खरं शिकणं असतं, दिवाळीनंतरचं दुसरं सत्र, ते जवळजवळ सगळं त्यांच्या माघारी होतं.

आता अशा पालकांना शाळेची माहिती द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर मला आज लिहायचंय. कारण हा विषय निघाला की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य येतं, "आपल्या पालकांना कुठं इंटरेस्ट आहे." मला हे अजिबात पटत नाही. तीनशे किलोमीटरवरून रात्री फोन करून "मॅडम, पोरगं शाळेत येतंय ना, दंगा तर करीत नाही ना" असं विचारणाऱ्या माणसाला इंटरेस्ट नाही असं कसं म्हणायचं. त्याला काय विचारावं हे माहीत नसतं एवढंच, कारण शाळेत काय चाललंय हे त्याला कळेल असं आपण कधी सांगितलेलंच नसतं.

बरं हे काही आपण उपकार म्हणून करायचं काम नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिलीत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं या सगळ्याच्या बरोबरीनं तिथं स्पष्ट लिहिलंय की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाविषयीची इतर माहिती त्यांना द्यायची. हजेरी आणि प्रगती, एकेका मुलाची. आपण काय देतो? सूचना देतो. आधार अपडेट करून घ्या, बँक पासबुकाची झेरॉक्स आणा, उद्या गणवेशात पाठवा, अमुक लिंक भरा. दिवसभर ग्रुपवर हेच जातं, वर पंचायत समितीकडून आलेलं पत्रक जसंच्या तसं फॉरवर्ड, आणि सप्ताहाचे, जयंतीचे फोटो. हे पण लागतंच, मी नाही म्हणत नाही, पण त्या सगळ्यात फडातल्या आईला तिच्या लेकराबद्दल एक शब्द सापडत नाही. आणि ती आई कित्येकदा वाचूही शकत नाही, फोन नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात असतो.

म्हणून मी लिहून पाठवायचं कमी केलं आणि बोलून पाठवायला लागले. व्हॉइस मेसेज. ग्रुपवर नाही हं, ज्याच्या त्याच्या नंबरवर. साधारण एका मिनिटाचा. असं काहीतरी:

"ताई, मी शाळेतनं मॅडम बोलतीय. तुमची लेक रोज येतीय, खिचडी पोटभर खातीय, काळजी करू नका. या आठवड्यात आम्ही हातच्याची वजाबाकी घेतली. बेचाळीसमधून अठरा काढायचे तर ती आधी २ तून ८ जात नाहीत म्हणून उलटं करायची, ८ तूनच २ काढायची आणि उत्तर छत्तीस लिहायची. आता दहा काड्यांचा गठ्ठा सोडायचा, मग बारातून आठ काढायचे, हे तिला कळलंय, चोवीस बरोबर येतंय. वाचताना जोडाक्षर आलं की मात्र थांबती. तुम्ही रात्री फोन कराल तेव्हा तिला आजचा धडा वाचून दाखव म्हणा."

बस एवढंच. यात "हुशार आहे", "लक्ष देत नाही" असं काही नसतं, काय जमलं, कुठं अडलं आणि घरून काय करता येईल एवढंच. ज्या आईनं हे ऐकलं ती रात्री लेकीला "अभ्यास कर गं" एवढंच म्हणत नाही, "गठ्ठा सोडायला शिकलीस म्हणं" असं म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी वर्गात येऊन मला सांगते की माझ्या आईला सगळं माहीतय. तिच्या तोंडावर जे असतं ना तेव्हा, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

वेळेचं एक महत्त्वाचं, नवीन शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं. फडातली माणसं पहाटे अंधारातच कोयता घेऊन निघतात, गाडी भरायला ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसतो, मध्यरात्री पण येतो. दुपारी फोन केला तर उचलत नाहीत आणि मग आपण म्हणतो पालक प्रतिसाद देत नाहीत. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चूल पेटली की तेवढा वेळ मिळतो. आणि बऱ्याच ठिकाणी कोपीत वीज नाही, चार्जिंग कुठंतरी ट्रॅक्टरवर नाहीतर जवळच्या टपरीवर. त्यामुळं मेसेज असा हवा की तो दोन दिवसांनी ऐकला तरी चालेल, "उद्याच पाठवा" छाप नको. ज्यांच्याकडं साधा बटणाचा फोन आहे त्यांना सरळ कॉल करायचा, आणि तोही नसेल तर मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाच्या, फोनवर, पण मुकादमाला फक्त "घरी शाळेत फोन करायला सांगा" एवढंच सांगायचं. लेकराच्या अभ्यासाची गोष्ट मुकादमाच्या कानावर घालायची नाही. तिथं उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, हिशोब सगळं गुंतलेलं असतं, त्यात आपण अजून एक गोष्ट कशाला द्यायची.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे लेकराचं वाचन. मी दर महिन्याला वर्गातल्या प्रत्येकाचं वाचन रेकॉर्ड करते, एक मिनिट, पाठ्यपुस्तकातलाच न शिकवलेला उतारा, आणि ते त्याच्या घरी पाठवते. निपुण भारत, म्हणजे लहान वर्गांचं वाचन आणि अंकज्ञान पक्कं करायचं केंद्राचं अभियान, २०२१ ला आलं तेव्हापासून आम्हा शिक्षकांच्या बोलण्यात सारखं असतं की तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचायला हवेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात. पालकांना हे आकडे सांगून काही उपयोग नाही असं बरेच जण म्हणतात. पण तुम्ही आकडा सांगूच नका, ऐकवा. नोव्हेंबरात लेकरू "पा...ऊ...स" असं एकेक अक्षर लावत होतं आणि जानेवारीत अख्खं वाक्य एका दमात म्हणतंय, हे कळायला आईला साक्षर असायची गरजच नाही. तिला कान आहेत. आपलं लेकरू कुठं अडखळलं हे तिच्याइतकं बारकाईनं कुणी ऐकत नाही. एका आईनं मला उलट फोन करून विचारलं, "मॅडम, ते पहिल्याच्यात लय भरभर वाचत हुतं, आता सावकाश का वाचतंय?" आणि ते खरंच होतं, आधीचा उतारा त्याला पाठ झालेला होता म्हणून तो भरभर म्हणत होता, आता तो वाचत होता. ती आई शाळेची पायरी चढलेली नाही. मूल्यमापन म्हणजे आणखी काय असतं सांगा.

आता प्रगतीपुस्तक. त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे, पहिली-दुसरीला ७० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणाचे, आणि ३० संकलितचे, म्हणजे सत्राच्या परीक्षेचे, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे कल्पना किती चांगली आहे बघा, परीक्षेच्या एका दिवसापेक्षा वर्षभर लेकरू बोलतं कसं, करतं काय, याला जास्त वजन. पण घरी काय जातं? ब-२, नुसती श्रेणी. आणि खाली वर्णनात्मक नोंद, "उपक्रमात सक्रिय सहभाग घेतो", "परिसराविषयी आवड आहे". याच ओळी वर्गातल्या निम्म्या मुलांना असतात, कारण नोंदींचे तयार नमुने फिरत असतात आणि कामं एवढी की कुणी नवीन लिहायला बसत नाही. मी शिक्षकांना दोष देत नाहीये, दोन-दोन वर्ग एकाकडं असतात, त्यात ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. पण एक ओळ, फक्त एक ओळ तरी अशी लिहा जी दुसऱ्या कुठल्याच मुलाला लागू पडणार नाही. "वजनकाट्याचा खेळ मांडला की हा दुकानदार होतो आणि सुटे पैसे बरोबर परत देतो." आजोबा ही ओळ कुणाकडून तरी वाचून घेतात आणि पारावर चार जणांना सांगतात. ब-२ कुणी पारावर सांगत नाही.

आणि माहिती एकाच बाजूनं जात नसते, हे फार कमी बोललं जातं. चौथीतला एक मुलगा गुणाकारात अगदीच मागं होता, पाढे पाठ नाहीत, वहीत नुसती खाडाखोड. त्याच्या वडिलांना मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, त्यो मागल्या साली आमच्यासंगं आलता, मोळ्यांचा हिशोब त्योच ठिवायचा की." मी दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यापाशी घेतलं आणि ट्रॅक्टरची ट्रॉली काढली. एका थरात एवढ्या मोळ्या, असे थर एवढे. त्यानं उत्तर तर सांगितलंच, वर मला सांगितलं की मॅडम वरच्या थरात कमी बसतात, तिथं वेगळं धरायला लागतं. त्याला गुणाकार येत होता, वहीतली मांडणी येत नव्हती. वडिलांशी बोलणं झालं नसतं तर मी वर्षभर त्याला पाढेच घोकायला लावले असते.

सभेचंही तसंच. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर असतातही. पण सभा ठेवायची सकाळी ११ वाजता, रोजंदारीच्या दिवशी, आणि मग रजिस्टरवर सही घ्यायला पोरांना घरी पाठवायचं, याला काही अर्थ नाही. आम्ही वर्षातली मोठी पालक सभा टोळ्या जायच्या आधी घेतो, रात्री जेवणं झाल्यावर, शाळेच्या ओट्यावर. त्यात भाषण नसतं. कोण लेकरू मागं राहणार, कोणाजवळ राहणार, कोणता नंबर लागेल, रात्री दुखलं-खुपलं तर कुणाला सांगायचं, एवढं ठरतं. आज्या आवर्जून येतात आणि पुढं बसतात, कारण पुढचे पाच-सहा महिने पालक त्याच असतात. त्यांना प्रत्येकीला एक गोष्ट सांगितलेली असते, रोज संध्याकाळी लेकराला विचारा आज काय शिकवलं, आणि ते सांगेल ते ऐकून घ्या, बरोबर की चूक बघू नका. आज्यांना हे छान जमतं.

अजून एक छोटी पण गंभीर गोष्ट. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंतनाशक गोळी देतात. गोळी चावून खायची असते, आजारी लेकराला त्या दिवशी देत नाहीत. हे आधी घरी सांगितलं नाही आणि पोट दुखलं की गावभर होतं शाळेत गोळी खाऊन पोरं आजारी पडली, आणि मग पुढच्या वेळी त्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. आधी आज्यांना सांगायचं, आईला मेसेज टाकायचा, गोळी कशाची आहे, एखाद्याला थोडं मळमळू शकतं, मी दिवसभर तिथंच आहे. मग कुणी घाबरत नाही. लसीचं, आरोग्य तपासणीचं, सहलीचं, सगळ्याचं असंच आहे, आधी सांगितलेली गोष्ट घरच्यांना पचते.

ग्रुप मी बंद केलेला नाही. पण तिथं कुणाचेही मार्क टाकायचे नाहीत, कोण गैरहजर आहे त्याची यादी टाकायची नाही, फी-पैशाचं कुणाचं राहिलं असेल तर ते तर नाहीच नाही. मी एका ग्रुपवर "खालील विद्यार्थी अप्रगत आहेत" अशी नावांसकट यादी बघितलीय आणि तो दिवस मला अजून आठवला की राग येतो. त्या यादीतल्या घरात त्या रात्री काय झालं असेल.

राहिली ती लेकरं जी मायबापांबरोबर जातातच. मागं ठेवायला कुणी नसतं, किंवा धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड देतात, लेकरू कुठल्या वर्गात आहे, काय काय येतं हे त्यावर लिहून, म्हणजे तिकडच्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. मी कार्डाच्या मागं माझा नंबर लिहिते आणि लेकराच्या पुस्तकात जिथवर झालंय तिथं पेन्सिलनं खूण करून देते. तर हे वाचणारे कुणी कारखान्याच्या पट्ट्यात शिक्षक असाल, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, कुठंही, आणि नोव्हेंबरात तुमच्या दारात असं कार्ड घेऊन कुणी आलं तर त्या नंबरवर एक फोन करा. लेकराला बसवलंय, अमुक पानापासून सुरू केलंय, एवढं सांगा. मी इकडं त्याच्या आजीला सांगते.