कोरणीची टाच : बंदुकीच्या पोलादावर नक्षी कोरायला शिकताना

कोरणीचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद, तिरपे टेकवायचे. ते नखावरून घसरले तर धार गेलेली आहे, आणि जागच्या जागी रुतले तर कोरणी कामाला तयार आहे. बंदुकीच्या धातूवर हाताने नक्षी कोरण्याची कला मी ज्यांच्याकडे शिकले, त्या सरांनी पहिल्या दिवशी मला एवढेच दाखवले, आणि पुढचे कित्येक आठवडे मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ही नखाची परीक्षा घेत राहिले. मला चित्रकलेची सवय होती, त्यामुळे कोरीवकाम शिकायचे म्हणजे हात स्थिर करायला शिकायचे, असा माझा समज होता. तो किती अपुरा होता हे कळायला जवळजवळ चार महिने लागले, आणि ते कसे कळले तेच मुख्यतः इथे सांगायचे आहे.

कोरणी, म्हणजे ज्याला ग्रेव्हर किंवा ब्युरिन म्हणतात ते हत्यार, पाहायला अगदी साधे असते. सुमारे २.४ मिलिमीटर जाडीची चौकोनी सळई, हाय-स्पीड स्टीलची किंवा टंगस्टन कार्बाइडची. कार्बाइड जास्त कठीण असल्यामुळे त्याची धार टिकते, पण ते ठिसूळही असते आणि टोकावर कडेने जोर पडला की त्याचा कपचा उडतो. मी हाय-स्पीड स्टीलवर शिकले, कारण नवशिक्याच्या हातून टोक मोडणारच आणि ते पुन्हा घडवणे या धातूत सोपे जाते. टोकाचा छेद इंग्रजी व्ही या अक्षरासारखा असतो. त्या दोन बाजूंमधला कोन ९० अंशांचा ठेवला तर रेघ अरुंद आणि खोल पडते, १२० अंशांचा ठेवला तर तेवढ्याच खोलीला ती रुंद आणि उजळ दिसते. सळईचा पुढचा कापणारा चेहरा ४५ अंशांत घासतात, मात्र पोलादासाठी सर तो ५० अंशांपर्यंत उभा ठेवायला लावत, म्हणजे टोकामागे जास्त धातू उरतो आणि टोक तग धरते.

या सगळ्याच्या खाली, टोकाला लागूनच, दोन इवले पैलू असतात. त्यांना टाच म्हणतात. टाच साधारण १५ ते २० अंशांत घासलेली असते आणि तिच्यामुळे कोरणीची मूठ कामाच्या पृष्ठभागापासून वर उचललेली राहते. टाच नसेल तर कोरणी धातूत खोल खोल घुसत जाते आणि बाहेर यायला वाटच उरत नाही. धार लावण्यासाठी आम्ही सहाणेऐवजी हिऱ्याची पूड बसवलेल्या चकत्या वापरत होतो : आकार देण्यासाठी २६० ग्रिटची (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी पूड बारीक), नंतर ६०० आणि १२०० ग्रिटची, आणि शेवटी सिरॅमिकच्या चकतीवर अतिसूक्ष्म हिऱ्याची पूड टाकून आरशासारखी चकाकी. ही चकाकी दिखाऊ नाही. कोरणीची टाच आणि बाजू जितक्या गुळगुळीत, तितकी कापलेल्या खाचेची भिंत गुळगुळीत, आणि खाचेची भिंत उजेड कसा परतवते यावरच अख्खी नक्षी उभी असते.

कोरणी चालवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत मूठ तळहातात धरून नुसत्या हाताच्या दाबाने कोरणी ढकलायची, दुसरीत कोरणीच्या मागच्या टोकावर लहान हातोडीने टकटक करत पुढे जायचे, आणि तिसरीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले हवेच्या दाबावर चालणारे मुठीचे यंत्र वापरायचे, ज्यात हातोडीचे काम आतला छोटा दट्ट्या करतो. सरांनी मला हातोडीपासून सुरुवात करायला लावली. यंत्राविरुद्ध त्यांचे काही म्हणणे नव्हते, पण हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला कोरणी किती सरकली हे हाताला कळते आणि ते कळल्याशिवाय यंत्राचा वेग आवरता येत नाही, असे ते सांगत. मला हे आजही पूर्ण पटते. हातोडी जोराने मारायची नसतेच. मनगट सैल ठेवून तिला नुसते उसळू द्यायचे असते, आणि नजर हातोडीकडे एकदाही न नेता कोरणीच्या टोकावर खिळवून ठेवायची असते.

काम धरण्यासाठी बॉल व्हाइस असतो, म्हणजे जड गोलार्धावर बसवलेला आणि कोणत्याही दिशेला फिरणारा शेगडा. वळणदार रेघ कापताना कोरणी वळवायची नसते, तर डाव्या हाताने शेगडा फिरवून धातूच कोरणीच्या तोंडी द्यायचा असतो. हे वाचायला सोपे आहे, पण उजवा हात ठोके देत असताना डाव्या हाताने एकसारख्या वेगाने फिरवत राहणे अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले.

त्या पंधरा दिवसांत आणि त्यानंतरही अर्धा वेळ कागदावरच गेला. बंदुकीवरच्या नक्षीचा कणा म्हणजे स्क्रोल, आतल्या आत वळत जाणारी वेल. सर मला आधी फक्त तिचा कणा काढायला लावत, पाने नाहीत, छटा नाही. नेच्याचे कोवळे पान जसे गुंडाळलेले असते तसे हे वळण आत जाताना सारखे घट्ट होत गेले पाहिजे. मध्येच ते थोडे जरी सपाट झाले तरी डोळ्याला खुपते. कागद उलटा धरून पाहिला की ही चूक लगेच दिसते. इंग्रजी पद्धतीची स्क्रोल बारीक, दाट आणि एकमेकांना खेटून असते, तर अमेरिकी पद्धतीत वेल मोठी, पाने भरदार आणि मागची जमीन खोदून ठिपक्यांनी काळसर केलेली असते. मी मोठ्या वेलीवर शिकले, कारण तिच्यात चूक लपत नाही.

सरावाला आधी तांब्याची आणि नंतर कमी कार्बन असलेल्या साध्या पोलादाची पट्टी घेतली. पट्टी ६०० ग्रिटच्या कागदापर्यंत घासायची, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, पेन्सिलीने वेल काढायची आणि मग सुईसारख्या टोचणीने ती धातूवर हलकेच ओरखडून घ्यायची. तांब्यात रेघा बऱ्या येत होत्या. पोलादावर मात्र माझी प्रत्येक वळणदार रेघ एका बाजूने लखलखीत आणि दुसऱ्या बाजूने करडी, खरबरीत येऊ लागली. सरळ रेघेत हा दोष नव्हता, पण वळण जितके घट्ट तितका तो वाढत होता, आणि करडी बाजू नेहमी वळणाची बाहेरची बाजू असे. मी हाताला दोष दिला. दाब कमी केला, वेग कमी केला, बैठक बदलली, श्वास रोखून पाहिले. दोन महिने मी तेच ते वळण कापत राहिले आणि सरांनीही मुद्दाम काही सांगितले नाही.

शेवटी एके दिवशी त्यांनी माझी कोरणी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि म्हणाले, "तुझा हात चुकत नाही. टाच चुकते आहे." मी पाहिले तर माझ्या कोरणीची टाच दीड मिलिमीटर तरी लांब होती. मोडलेले टोक पुन्हा घडवताना दर वेळी मी टाच थोडी जास्त घासत गेले होते, कारण मोठा पैलू डोळ्याला नीट दिसतो आणि नीट दिसणारे काम नीट झाल्यासारखे वाटते. सरळ रेघेत लांब टाच टोकाच्या मागोमाग त्याच खाचेतून निमूट येते. वळणावर मात्र टोक वळलेले असते आणि टाचेचे मागचे टोक अजून जुन्याच दिशेने चाललेले असते, त्यामुळे ते बाहेरच्या भिंतीवर घासते आणि टोकाने नुकतीच चकचकीत कापलेली भिंत खरवडून टाकते. सरांनी चेहरा नव्याने घासून टाच एक तृतीयांश मिलिमीटरच्या आत आणली, तिच्या मागच्या काठाची धार किंचित घासून मारली आणि कोरणी माझ्या हातात दिली. त्याच हाताने, त्याच पट्टीवर कापलेले पुढचे वळण दोन्ही बाजूंनी उजळ आले. कोरणीपुढून निघणारा धातूचा कीसही बदलला होता. आधी तो तुटक, भुग्यासारखा पडायचा, आता न तुटता एका कुरळ्या तारेसारखा वर येत होता. तेव्हापासून मी रेघेआधी कीस बघते.

यानंतरचे शिकणे वेगाने झाले. रेघेला जाड-बारीक करण्यासाठी कोरणी पुढे नेतानाच तिला कुशीवर झुकवायचे, म्हणजे एक भिंत रुंद होते आणि पानाच्या कडेला उजेडाचा पट्टा येतो. पानांतल्या छटेच्या रेघा एकाच उगमाकडे धावल्या पाहिजेत. जमीन खोदताना आधी पानाच्या कडा सुरक्षित कापून घ्यायच्या आणि मग मधला भाग सपाट कोरणीने खाली न्यायचा.

सहा महिन्यांनी प्रत्यक्ष बंदुकीच्या भागाकडे वळलो. हा भाग म्हणजे एका दुनळी बंदुकीची सुटी साइडप्लेट, म्हणजे यंत्रणेच्या बाजूला बसणारी पोलादी पट्टी, परवानाधारक बंदूक-कारागिराकडून सरांच्या नावे रीतसर आलेली. नियम सरांनी आधीच घालून दिले होते. भाग पूर्ण सुटा असल्याशिवाय हात लावायचा नाही, अनुक्रमांक आणि चाचणीच्या खुणा (बंदूक तपासल्याचे शिक्के) यांच्या आसपाससुद्धा कोरायचे नाही, कारण अनुक्रमांक पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि ज्या भागांवर बार उडतानाचा ताण येतो तिथे खोली किती चालेल हे बंदूक-कारागीर ठरवील, नक्षीकार नाही. दुसरी परीक्षा कानशीची. भागाच्या न दिसणाऱ्या कडेवर कानस हलकेच लावून पाहायची. ती धातूत रुतली तर कोरता येते. काचेवरून सरकल्यासारखी सरकली तर वरचा थर कार्बन देऊन कठीण केलेला आहे आणि त्यावर कोरणी मोडेल. म्हणूनच परंपरेने नक्षी आधी, धातू मऊ आणि पांढरा, म्हणजे रंग न चढवलेला, असताना कोरतात, आणि नंतर तो भाग हाडाच्या व लाकडाच्या कोळशात बंद करून तापवतात व पाण्यात विझवतात. त्याने पृष्ठभाग कठीण होतो आणि निळ्या, तपकिरी, गवती रंगांचे ढगही उमटतात. आधीच कठीण केलेला भाग घरी तापवून मऊ करण्याचा विचारही करू नये. त्या धातूची ताकदच त्या उष्णतोपचारात असते.

साइडप्लेटवरचे स्क्रू आधी पक्के बसवले, कारण वेल त्यांच्या डोक्यांवरून सलग जायला हवी. चांगल्या बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या दिशेत एका रेषेत उभ्या राहतात, आणि कोरल्यानंतर स्क्रू थोडा जरी जास्त आवळला गेला तरी वेल तुटलेली दिसते. अशाच एका स्क्रूच्या कडेशी माझी कोरणी घसरली. स्क्रूचे डोके आणि प्लेट यांच्या फटीत टोक अडकले, मोडले आणि पुढे निसटून किनारीच्या दुहेरी रेघेपलीकडे अर्धा सेंटिमीटर चरा गेला. मला रडू कोसळले. सरांनी शांतपणे गोल टोकाच्या घोटणीने चऱ्याच्या दोन्ही कडांचा धातू आत दाबला, दगडाने घासला आणि उरलेल्या पुसट खुणेवर एक लहान पान बसवायला सांगितले. ते पान मूळ रेखाटनात नव्हते. आज ते वेलीचा भाग वाटते, पण स्क्रूच्या कडेने जाताना मी आता फटीच्या दोन्ही बाजूंनी कोरणी आतून बाहेर नेते, फटीवरून आरपार कधीच नाही.

सोन्याची तार बसवण्याचे कामही एका सराव-पट्टीवर करून पाहिले. खाचेच्या भिंती तळाशी आत पोखरायच्या, म्हणजे खाच तोंडापेक्षा तळाला रुंद होते, तळावर कोरणीने बारीक दात उठवायचे आणि २४ कॅरेटची मऊ तार ठोकून आत भरायची, म्हणजे ती भिंतीखाली पसरून अडकते. कोफ्तगिरीत, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार बसवण्याच्या जुन्या पद्धतीत, मात्र अख्ख्या पृष्ठभागावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून त्या खरबरीतपणावर तार दाबतात. दोन्ही कामे सोन्याचीच, पण पकड वेगळी.

प्लेट पूर्ण झाल्यावर सरांनी खाचांत काळी शाई भरली, वरचा पृष्ठभाग पुसला आणि पारदर्शक चिकटपट्टीने छाप उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवला. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेला बंदुकीचा नक्षीकार एल. डी. निम्श्के (१८३२–१९०४) आपल्या कोरीवकामांचे कागदावरचे छाप जपून ठेवत असे, म्हणूनच त्याचा हात आज ओळखता येतो. छापात उजेडाची जादू नसते, त्यामुळे रेघ खरी किती सलग आहे ते निर्दयपणे दिसते. सरांनी माझ्या दोन महिन्यांच्या करड्या वळणांचा छाप जपून ठेवला होता. तो त्यांनी याच कागदावर शेजारी लावला आणि दोन्हींखाली तारीख घातली. भिंगातून पाहिले तर जुन्या वळणांची बाहेरची कड दातेरी आहे. नव्या प्लेटवरही घोड्याजवळच्या सर्वांत घट्ट वळणात तीच दातेरी कड, केसाएवढी, शिल्लक आहे.

आता शेगड्यात नवी पट्टी आहे. इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाचे कारागीर ज्यासाठी नावाजले जातात त्या बुलिनोचा सराव चालू आहे : हातोडी नाही, नुसता हाताचा दाब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याने उभी राहणारी छटा. काल संध्याकाळपर्यंत पक्ष्याचा एक डोळा झाला, आणि त्यासाठी कोरणीला सात वेळा धार लावली.