लेकीच्या डाव्या डोळ्याने निवडलेली रायफल

केळीचे पैसे हातात आले तेव्हा मी लेकीला म्हटलं, "चल बाई, आता तुझी रायफल आणू." नेमबाजीसाठी सहा महिने ती रावेरहून जळगावला जाऊन क्लबच्या एअर रायफलीवर, म्हणजे हवेच्या दाबाने छरा मारणाऱ्या रायफलीवर, सराव करत होती. दहा मीटरवरच्या टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यासाठी धडपडणाऱ्या पोरीला स्वतःची रायफल हवीच, असं मला मनापासून वाटे.

वॉल्थर कंपनीची एलजी४०० ही एअर रायफल घ्यायची, हे ठरलं होतं. पण तिचा स्टॉक, म्हणजे रायफलीचा सांगाडा, लाकडी की अल्युमिनियमचा? लाकडी स्वस्त. अल्युमिनियममध्ये मात्र खांद्याला टेकणाऱ्या बटाची लांबी, गाल टेकवायची पट्टी, सगळं स्क्रूवर पुढंमागं होतं. तेरा वर्षांची पोर, अजून उंची वाढतेय. म्हणून मी अल्युमिनियमची, उजव्या हाताच्या ग्रिपची (मुठीची) सांगितली आणि दहा हजार अॅडव्हान्स देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी क्लबमधल्या तिच्या प्रशिक्षक सरांनी तिला दोन्ही तळवे पुढे धरायला लावले. मध्ये बोटभर फट. "त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता डावा डोळा मीट."

"सर, घड्याळ गेलं!"

हात उजवा, पण नेम धरणारा डोळा डावा. सहा महिने तोच डोळा मिटून ती नेम धरत होती. तिचं कपाळ दुखायचं ते यामुळे, आणि आम्ही चष्म्याचा नंबर तपासत बसलो होतो! मला फार वाईट वाटलं.

डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावून उजव्या खांद्यावरून मारता येतं, नियमात ते बसतं. पण सर म्हणाले, "सवय अजून कोवळी आहे, डाव्या खांद्यावर नेऊन बघू." महिनाभर क्लबच्या दोन्ही हातांना चालणाऱ्या लाकडी रायफलीवर सराव केला. विखुरणारे छरे हळूहळू एकाच भोकाभोवती पडू लागले. मग अल्युमिनियमचीच घेतली, डाव्या ग्रिपची, दुसरीकडून. पहिल्या दुकानदाराने अॅडव्हान्स परत दिला नाही.

गावात सगळे विचारतात, लायसन काढलं का? ४.५ मिलिमीटर छऱ्याची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल, तिला लागत नाही.

वजन अजून तिला जड जातं. सामन्यात साठ छरे, सव्वा तास उभं राहायचं. सरांनी रायफलीला लावलेली जादा वजनं काढून ठेवली आहेत. रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार इतक्या दाबाची हवा असते आणि तापली की दाब वाढतो, म्हणून मे महिन्यात लेक रायफलीची पेटी बंद गाडीत ठेवूच देत नाही. चहाला थांबलो तरी मांडीवर घेऊन बसते, आणि मला आधी सांगते, "पप्पा, गाडी सावलीत लावा."