एकच कोडं, अख्ख्या वर्गाला

आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, एकाच बाकावर एक जण समीकरणं तोंडी सोडवतोय आणि शेजारचा अजून हातच्याच्या वजाबाकीत अडकलाय हे रोजचंच आहे. मग बऱ्याच ठिकाणी काय होतं तर स्कॉलरशिपवाल्या पोरांना वेगळी भारी कोडी आणि बाकीच्यांना सोप्पं वर्कशीट. आपल्याला कुठल्या गटात टाकलंय ते पोरांना लगेच कळतं, आणि एकदा ते कळलं की मागच्या बाकावरचं पोरगं वर्षभर हात वर करत नाही. मला हे अजिबात पटत नाही. कोडं एकच द्यावं, फक्त ते असं निवडावं की सुरुवात सगळ्यांना जमेल आणि खोल जाणाऱ्याला कितीही खोल जाता येईल. (व्हॉट्सॲपवरची ती सफरचंद-केळीवाली कोडी नकोत, त्यात घडातलं एक केळं कमी काढलंय हे दिसलं की संपलं, पुढे गणित काहीच नाही.)

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं 6174. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा, जे येईल त्याला परत तेच. 2025 घेऊन बघा. 5220 वजा 0225 म्हणजे 4995, त्याचं 5355, मग 1998, 8082, 8532 आणि शेवटी 6174. आता 7641 मधून 1467 घालवले की परत 6174च, म्हणजे गाडी तिथेच थांबली. कुठूनही निघा, जास्तीत जास्त 7 वजाबाक्यांत तिथेच पोचता.

ज्याची वजाबाकी कच्ची आहे त्याचा इथे न सांगता भरपूर सराव होतो, आणि हातचा दरवेळी विसरत राहिला तर गाडी 6174 वर थांबतच नाही, मग तो स्वतःच मागे जाऊन हातचा कुठे राहिला ते शोधतो, मला लाल पेन काढावंच लागत नाही. एका मुलीने 2111 घेतली होती. 2111 वजा 1112, उत्तर 999, आणि पुढे 999 वजा 999 शून्य! "मॅडम, माझं तर शून्यच आलं, तुमचा नियम खोटाय." पूर्ण वर्ग तिच्या वहीवर. बराच वेळ वाद चालला आणि मग मागून एक जण म्हणाला की चार अंकी पाहिजे ना, मग 0999 लिही. 9990 वजा 0999, 8991, मग 8082, 8532, 6174. संख्येआधीच्या शून्याला किंमत नसते हे पाचवीपासून घोकलेल्या पोरांना त्या शून्यामुळे सगळं बदलताना दिसलं, हे फळ्यावर सांगून कधीच इतकं पोचलं नसतं.

आता जे पटकन 6174 ला पोचतात आणि "झालं मॅडम" म्हणतात त्यांना एवढंच विचारायचं, का? चार अंकी अवघड वाटलं तर तीन अंकी घ्या म्हणायचं, तिथे 495 येतं. आणि नववीच्या बीजगणितात याचं पूर्ण कारण सापडतं हे मला फार सुंदर वाटतं. सगळ्यात मोठा अंक a, मधला b, लहान c. 100a + 10b + c मधून 100c + 10b + a वजा केलं की b उडतो, उरतं 99(a − c). म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त 9 शक्यता, 099, 198, 297 असं करत 891 पर्यंत. त्या 9 तपासायच्या, कुणीही तपासू शकतं, वाटून दिल्या तर पाच मिनिटांचं काम, 099 चं 891, त्याचं 792, मग 693, 594 आणि 495. सिद्धता झाली! अर्ध्या वर्गाने वजाबाक्या केल्या, चौघांनी a-b-c केलं, पण सिद्धता सगळ्या वर्गाची. दोन अंकी करून बघितलं तर अजून मजा, तिथे कुठे थांबतच नाही, 09, 81, 63, 27, 45 आणि परत 09, गोल गोल.

फक्त शर्यत लावू नका प्लीज. पहिला कोण आला हे विचारलं की हळू विचार करणारी पोरं लगेच पेन खाली ठेवतात, आणि "का" चा शोध बरेचदा तीच लावतात.

मुलांना हेही आवर्जून सांगते की कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर, जन्म 1905, डहाणूचा. 1930 ते 1962 शाळेत शिकवत होते आणि हे 1949 मध्ये शोधलं. 1975 मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगात त्यांचं नाव पसरलं.

पुढच्या तासाला त्यांच्याच देवळाली संख्या घ्या. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवा, 15 चं 15 + 1 + 5 = 21. अशा रीतीने कुठल्याच संख्येपासून जी बनत नाही ती देवळाली संख्या. 1, 3, 5, 7, 9, मग 20, 31, 42, 53... 11-11 च्या उड्या दिसल्या की सगळा वर्ग ओरडून पुढचं सांगायला लागतो, 97, 108, 119! तिथे थांबवायचं आणि 109 ची बेरीज करायला सांगायची. 109 + 1 + 0 + 9, झाले की 119. मग 108 नंतरची खरी कुठली ते त्यांना शोधू द्या, सांगू नका.