क्लिनिकल पोस्टिंगपूर्वीच्या आरोग्य-पूर्ततेचा माझा अनुभव

आमच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी अशा शाखा वेगवेगळ्या कॅम्पसमध्ये विखुरलेल्या आहेत. विद्यापीठ एकच असले, तरी प्रत्येक कॅम्पसशी जोडलेले रुग्णालय प्रशिक्षणार्थींची कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासते, हे क्लिनिकल पोस्टिंगसाठी, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी, दुसऱ्या कॅम्पसला जायचे ठरल्यावर मला कळले. शुल्क, ओळखपत्र आणि वसतिगृह यांची कामे सहज मार्गी लागली. वेळ लागला तो आरोग्यविषयक पूर्ततेला.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस मी लहानपणी घेतलेले होते, परंतु रुग्णालयाला त्या दाखल्याबरोबर रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाणही, म्हणजे अँटी-एचबीएस टायटर, हवे होते. ते १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास संरक्षण आहे असे मानतात. माझे त्याहून कमी निघाले. इतक्या वर्षांनी टायटर घटले म्हणून संरक्षण संपले असे होत नाही, तरीही अशा वेळी आणखी एक डोस देऊन एक ते दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात, आणि ही प्रतीक्षा कोणाच्याही शिफारशीने कमी होत नाही.

क्षयरोगाच्या तपासणीत क्रम महत्त्वाचा ठरला. बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्यांची मांटू ही त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, शिवाय ती वाचून घेण्यासाठी ४८ ते ७२ तासांनी पुन्हा जावे लागते. म्हणून मी बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्तचाचणी निवडली. माझा एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरील लसीचा) एक डोसही राहिलेला होता. ही जिवंत विषाणूंची लस क्षयरोगाच्या चाचणीचा प्रतिसाद तात्पुरता दाबू शकत असल्याने चाचणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करावी लागते, अन्यथा लसीनंतर किमान चार आठवडे थांबावे लागते. समन्वयक मॅडमनी हे वेळीच सांगितल्यामुळे मी सकाळी रक्त देऊन लगेच लस घेतली. ही माहिती खरे तर प्रवेशपत्रासोबतच द्यायला हवी.

एका कॅम्पसने स्वीकारलेला लसीकरणाचा दाखला दुसऱ्याने पुन्हा मागणे मला निरर्थक वाटले. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे पाहणारी फिट टेस्ट मात्र पुन्हा घेतली, ते योग्यच होते, कारण ती मास्कच्या विशिष्ट मॉडेलपुरती असते आणि नव्या रुग्णालयातले मॉडेल वेगळे होते. ती पार पडल्यावर वॉर्डातल्या ड्युटीचे वेळापत्रक मिळाले.